अपघाताची जबाबदारी किती वरपर्यंत जाते?

८ मार्च २०१८ च्या रात्री तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि तिघांचा जीव गेला. ११ जानेवारी २०२० ला त्याच वसाहतीत कोलवड्याच्या बाजूला स्फोट होऊन आठ जण गेले. २६ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीच्या दिवसांत, आणखी एका कारखान्यात तिघे दगावले आणि बारा जखमी झाले. २१ ऑगस्ट २०२५ ला एका औषध कंपनीत वायुगळतीने चौघांचा बळी घेतला. ही यादी पूर्ण नाही. तारापूर-बोईसर पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला त्यात आणखी तारखा घालता येतील.

अशा प्रत्येक वेळी मालक, व्यवस्थापक आणि ठेकेदार यांच्यावर गुन्हा नोंदवण्याची मागणी होते आणि बहुतेकदा तो नोंदवलाही जातो. पुढे काय होतं हे मृताच्या घरच्यांनाही नीट कळत नाही. कंपनीच्या संचालकावर कामगाराच्या जिवाची नेमकी कोणती कायदेशीर जबाबदारी असते, ती कधीपासून आली, कितपत टिकते आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्यावर तिचं स्वरूप काय आहे, याचा हा आढावा आहे. तो डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत उभं राहून घेतला आहे. त्याचं कारण आधी सांगतो.

कारखाने कमी, कारखान्यात जाणारे जास्त

डहाणू हा देशातल्या मोजक्या तालुक्यांपैकी एक आहे, जिथे उद्योगांना केंद्र सरकारनेच लगाम घातला. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला. अतिप्रदूषणकारी उद्योगांना बंदी आली, सगळ्या उद्योगांना मिळून ५०० एकरांची मर्यादा पडली आणि तालुक्याच्या हद्दीभोवती २५ किलोमीटरचा पट्टा मोकळा ठेवायचं ठरलं. या पट्ट्यावरून पुढे बरेच वाद झाले, पण बंदीचा गाभा टिकला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातलं गंधक काढण्याची यंत्रणा बसवायला लावण्यात या प्राधिकरणाचा मोठा वाटा होता. चिकूच्या वाड्या वाचल्या त्या या सगळ्यामुळे.

माणसाला रोजगार मात्र लागतोच. तालुक्यात फुग्यांचे कारखाने आहेत, चिंचणीच्या बाजूला दागिन्यांचे साचे करणारे डायमेकर आहेत, वीज केंद्र आहे आणि महामार्गालगत तलासरीत अच्छाडच्या बाजूला काही कारखाने आहेत. एवढ्यावर भागत नाही. म्हणून डहाणूचा तरुण लोकलने बोईसरला उतरतो आणि तलासरीचा तरुण राज्याची सीमा ओलांडून उंबरगाव, सरीगाम, भिलाड, वापी किंवा सिल्वासा गाठतो. सकाळच्या पाळीच्या वेळी तलासरी नाक्यावर उभं राहिलं की ठेकेदारांच्या गाड्या भरताना दिसतात. मागे दाटीवाटीने उभी असलेली मुलं, काहींच्या पायात चपला, हातात डब्याची पिशवी. कंपनीचं नाव विचारलं तर बरेचदा ठेकेदाराचं नाव सांगतात. शेठ कोण, हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

म्हणजे धोका एका तालुक्यात असतो, त्या धोक्यात काम करणारा दुसऱ्या तालुक्यात राहतो आणि निर्णय घेणारा संचालक मुंबई, सुरत किंवा अहमदाबादेत बसतो. संचालकांच्या जबाबदारीचा प्रश्न डहाणू-तलासरीतून पाहिला की त्याचं हे खरं अंतर दिसतं.

या भागाला मालकाच्या जबाबदारीची भाषा नवी नाही. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने इथल्या वारल्यांनी वेठबिगार झुगारली आणि पाचशे रतल गवतामागे अडीच रुपयांची मजुरी मागितली. तलवाड्याच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यात समोरचा माणूस ठाऊक होता, कारण जमीनदार गावातच राहत होता आणि जंगलाचा ठेकेदार कूपावर येत होता. आजच्या कामगाराची पहिली अडचण ही की जबाबदार कोण हे त्याला कागदावरूनच शोधावं लागतं.

१८८१ ते १९९६: जबाबदारी वर कशी सरकली

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो प्रामुख्याने बालकामगारांच्या तासांपुरता होता. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार करून आठवड्याची सुट्टी आणि अपघाताची भरपाई मागितली, तेव्हापासून या प्रांतात कामाच्या जागेच्या सुरक्षेची मागणी संघटितपणे होऊ लागली. १९२३ मध्ये भरपाईचा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम.

१९४८ च्या कायद्याने कारखान्याची जबाबदारी भोगवटादारावर टाकली, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा आहे त्याच्यावर. व्याख्या चांगली होती, तिला पळवाट होती. कंपन्या एखाद्या पगारी व्यवस्थापकाचंच नाव भोगवटादार म्हणून कळवत. अपघात झाला की खटला त्याच्यावर आणि संचालक मंडळ मोकळं.

ही पळवाट बुजवली ती भोपाळने. ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटेचा मिथाइल आयसोसायनेटचा ढग हजारोंना घेऊन गेला. वर्षभराने दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला आणि त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निरपवाद दायित्वाचं तत्त्व मांडलं: धोकादायक धंदा करून नफा कमावणाऱ्याने त्यातून होणाऱ्या हानीची भरपाई द्यायची, मग त्याची चूक सिद्ध होवो न होवो. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. कोणती रसायनं वापरली जातात, त्यांचे धोके काय, हे कामगारांना आणि शेजारच्या वस्तीलाही सांगणं बंधनकारक झालं. आपत्कालीन आराखडा आणि कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आली. आणि भोगवटादाराच्या व्याख्येत एक ओळ जोडली गेली: कंपनी असेल तर तिचा कोणताही एक संचालक हाच भोगवटादार मानला जाईल. भागीदारी संस्थेत एखादा भागीदार.

उद्योगांनी याला आव्हान दिलं. जे. के. इंडस्ट्रीज विरुद्ध कारखाने व बाष्पके मुख्य निरीक्षक या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. पगारी अधिकाऱ्याला भोगवटादार म्हणून पुढे करता येणार नाही, आणि कंपनीने कुणाचंच नाव कळवलं नाही तर निरीक्षक कोणत्याही संचालकावर कारवाई करू शकतो, असा तो निकाल आहे. सुटकेची वाटही कायद्यात आहे. आपण सर्व योग्य काळजी घेतली आणि दोष दुसऱ्याचाच होता, हे भोगवटादाराने सिद्ध केलं तर तो सुटू शकतो. सिद्ध करण्याचा भार मात्र त्याच्यावर.

मला हा निकाल या सगळ्या चर्चेचा कणा वाटतो. त्याचं कारण रिअ‍ॅक्टरपाशी उभं राहिलं की कळतं. नायट्रेशनसारख्या प्रक्रियेत उष्णता आपोआप निर्माण होते आणि ती थंड पाण्याने सतत काढून घ्यावी लागते. पंप बंद पडला, वीज गेली किंवा ढवळणी थांबली की तापमान चढतं. चढलेलं तापमान प्रक्रियेचा वेग वाढवतं आणि वाढलेला वेग आणखी उष्णता देतो. काही मिनिटांत ती हाताबाहेर जाते. त्या क्षणी पाळीवरच्या ऑपरेटरच्या हाती फारसं काही उरत नाही. राखीव पंप होता का, जनरेटर चालू स्थितीत होता का, दाब सोडणारी झडप वेळेवर तपासली होती का, यावर सगळं ठरतं, आणि या तिन्हींचा खर्च मंजूर करणारी माणसं रिअ‍ॅक्टरपाशी नसतात. तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती त्याच्यावर जबाबदारी, एवढंच १९८७ च्या दुरुस्तीने म्हटलं.

फौजदारी कायदा आणि प्रत्यक्ष शिक्षा

कामगार कायद्याची वाट वेगळी आणि फौजदारी कायद्याची वेगळी, ही गोष्ट सर्वसामान्य वाचकाच्या लक्षात येत नाही. अपघातानंतर पोलीस जो गुन्हा नोंदवतात तो दंडसंहितेखालचा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणजे बोलीभाषेतला फॅक्टरी इन्स्पेक्टर, जो खटला भरतो तो कारखाने कायद्याखालचा.

फौजदारी वाटेवर मोठा अडथळा आहे. कंपनीने गुन्हा केला म्हणून संचालक आपोआप गुन्हेगार ठरत नाही. कायद्यात तसं स्पष्ट म्हटलेलं हवं किंवा संचालकाचा स्वतःचा सहभाग दाखवता यायला हवा. सुनील भारती मित्तल प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. पर्यावरण संरक्षण कायद्यात तसं कलम आहे, कारखाने कायद्यात भोगवटादाराची व्याख्याच ते काम करते, दंडसंहितेत तसं काही नाही. त्यामुळे हयगयीने मृत्यू घडवल्याचा आरोप संचालकावर ठेवायचा तर त्याला धोका ठाऊक होता आणि तरी त्याने दुर्लक्ष केलं, हे कागदपत्रांवरून जोडत जावं लागतं. पोलीस ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याकडे त्यासाठी लागणारं तांत्रिक ज्ञान क्वचित असतं.

भोपाळचंच उदाहरण पाहा. सदोष मनुष्यवधाचा आरोप १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हयगयीच्या कलमावर आणला. ७ जून २०१० ला भोपाळच्या न्यायालयाने युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना त्या कलमातली कमाल शिक्षा दिली, दोन वर्षं. घटनेला पंचवीस वर्षं उलटून गेली होती. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हयगयीने मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षं केली आहे. मनुष्यवधाचं कलम लावण्याकडे पोलिसांचा कलही अलीकडे वाढलेला दिसतो. २०२१ मध्ये मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्यात सतरा कामगार जळून गेले, त्यात बहुतांश महिला होत्या. २३ मे २०२४ ला डोंबिवलीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दोन्ही ठिकाणी मालकांना अटक झाली. अटकेच्या बातमीला जेवढी जागा मिळते तेवढी निकालाला मिळत नाही, कारण निकाल यायला वर्षं लागतात.

कामगार कायद्याच्या वाटेवर सिद्ध करणं सोपं, पण शिक्षा हलकी. १९४८ च्या कायद्यात सर्वसाधारण उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होता. उल्लंघनातून मृत्यू झाला तर दंड किमान पंचवीस हजार. धोकादायक प्रक्रियांच्या तरतुदी मोडल्या तर सात वर्षांपर्यंत कैदेची सोय होती. ती किती वापरली गेली? केंद्राच्या कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाची माहिती अधिकारात मिळालेली आकडेवारी प्रसिद्ध झाली आहे. तिच्यानुसार २०१८ ते २०२० या तीन वर्षांत नोंदणीकृत कारखान्यांत किमान ३,३३१ मृत्यू झाले आणि कारखाने कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांची संख्या १४ होती. हे आकडे सगळ्या देशाचे आणि फक्त नोंदणी असलेल्या कारखान्यांचे.

नव्या संहितेत काय बदललं

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली आणि पाच वर्षांनी लागू झाली. तिने कारखाने अधिनियमासह तेरा कायदे पोटात घेतले.

संचालकांच्या दृष्टीने मूळ तत्त्व कायम आहे: कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार संचालकच. स्वतंत्र संचालकाला मात्र वगळलं आहे. उल्लंघनातून मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही. दंडातला निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा जखमीला किंवा मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. ही तरतूद जुन्या कायद्यात नव्हती आणि ती चांगली आहे. ठरवून दिलेल्या वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची दरवर्षी मोफत वैद्यकीय तपासणी आणि प्रत्येकाला नियुक्तिपत्र, ही मालकाची कर्तव्यं आता कायद्यात लिहिलेली आहेत. सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट पूर्वी हजार कामगारांवर होती; आता ती ५०० वर आणि धोकादायक प्रक्रियेत २५० वर आली आहे.

दुसरी बाजू अशी की कारखाना म्हणून गणना होण्याची मर्यादा वाढली. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार पुरत असत, आता वीस लागतात; विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीसऐवजी चाळीस. ठेका कामगारांच्या तरतुदी वीसऐवजी पन्नास कामगारांना लागू होतात. निरीक्षकाचं पद निरीक्षक-नि-सुविधाकार झालं आहे, तपासणीची निवड संगणकावरून होते आणि काही गुन्हे ठरावीक रक्कम भरून मिटवता येतात. पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैदेची शिक्षाही २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढून तिथे दंड आणला आहे. एकूण दिशा तुरुंगाकडून दंडाकडे आहे, तर न्याय संहितेने हयगयीची शिक्षा वाढवली आहे. दोन कायदे एकाच वेळी दोन बाजूंना चालले आहेत.

कोण काय म्हणतं

कामगार संघटनांचं म्हणणं असं: दंड हा कंपनीच्या हिशेबात खर्चाचा एक रकाना होऊन जातो. पाच लाखांचा दंड आणि राखीव शीतकरण यंत्रणेची किंमत यांची तुलना करणारा मालक कुठे वळेल हे सांगायला नको. व्यक्तीला तुरुंगाची भीती असेल तरच संचालक मंडळात सुरक्षेचा विषय निघेल. तपासणी सैल करणं आणि कामगारसंख्येची मर्यादा वाढवणं यामुळे सर्वांत धोक्याची ठिकाणंच कायद्याबाहेर जातात, अशी त्यांची मोठी तक्रार आहे.

उद्योजकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. तारापूर किंवा उंबरगावमधला संचालक म्हणजे दरवेळी बहुराष्ट्रीय कंपनीचा अध्यक्ष नसतो. अनेकदा तो कर्ज काढून कारखाना घातलेला इंजिनिअर असतो, बायको दुसरी संचालक असते आणि तो स्वतः त्याच कारखान्यात बसतो. प्रशिक्षित ऑपरेटर मिळत नाहीत, असले तरी टिकत नाहीत. नियमांचा ढीग एवढा की कुठलंतरी उल्लंघन कुठेतरी निघतंच, आणि अपघातानंतर त्याचाच आधार घेऊन अटक होते. अटकेच्या भीतीने अपघात कमी होत नाहीत, ते लपवले जातात, हा त्यांचा युक्तिवाद. बारीकसारीक अपघात नोंदवले गेले नाहीत तर मोठ्या अपघाताची पूर्वसूचनाच हरवते, हे सुरक्षा क्षेत्रातले जाणकारही मान्य करतात.

तिसरी भूमिका प्रशासन आणि सुधारणावाद्यांची. निरीक्षक थोडे, कारखाने अनेक. तेव्हा प्रत्येक दारात जाण्यापेक्षा स्वयंप्रमाणन, त्रयस्थ तपासणी आणि जोखमीनुसार निवड यांवर भर द्यावा, असं त्यांना वाटतं. यावरचा आक्षेप साधा आहे. ज्याची तपासणी करायची त्यानेच पैसे देऊन तपासनीस नेमला तर अहवाल किती परखड येईल? यावर समाधानकारक उत्तर अजून आलेलं नाही.

चौथी बाजू कायद्याच्या अभ्यासकांची. त्यांच्यात दोन तट आहेत. एकाला वाटतं की संस्था म्हणून कंपनीलाच मनुष्यवधासाठी दोषी धरणारा वेगळा कायदा हवा. दुसऱ्याला वाटतं की नवा गुन्हा निर्माण करण्यापेक्षा संचालकांची कर्तव्यं नेमक्या शब्दांत लिहावीत.

बाहेर काय झालं

या दोन्ही वाटा इतरांनी चालून पाहिल्या आहेत. ब्रिटनमध्ये २००७ चा कॉर्पोरेट मनुष्यवध कायदा एप्रिल २००८ पासून लागू आहे. त्यात संस्था दोषी ठरते आणि जबर दंड होतो, पण व्यक्तीला शिक्षा होत नाही. संचालकांसाठी तिथे १९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्यातलं जुनं कलमच वापरतात: संचालकाची संमती, मूकसंमती किंवा दुर्लक्ष यांमुळे गुन्हा घडला असेल तर तोही दोषी.

न्यूझीलंडची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९ नोव्हेंबर २०१० ला पाइक रिव्हर कोळसा खाणीत स्फोट होऊन २९ जण मृत्युमुखी पडले. मुख्य अधिकाऱ्यावरचे आरोप, कुटुंबांना पैसे देण्याच्या मोबदल्यात, मागे घेतले गेले. तो व्यवहार बेकायदा होता असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. त्या दुर्घटनेनंतर २०१५ चा कायदा आला. त्याने संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांवर स्वतंत्र, व्यक्तिगत कर्तव्य घातलं: धंद्यातले धोके समजून घेणं, त्यांसाठी पैसा आणि साधनं उपलब्ध करणं, अपघातांची माहिती वर येण्याची व्यवस्था उभारणं आणि ती चालते का हे स्वतः तपासणं. अपघात झाला नसतानाही कर्तव्य चुकलं तर तो गुन्हा. ऑकलंड बंदराचे माजी मुख्य अधिकारी एका कामगाराच्या मृत्यूच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये याच कर्तव्यभंगासाठी दोषी ठरले.

आपल्याकडे कोणताही एक संचालक भोगवटादार असतो. बाकीचे निश्चिंत राहू शकतात आणि तो एक जण नावापुरता नेमला जाण्याचीही शक्यता राहते. न्यूझीलंडची रचना प्रत्येक संचालकाला त्याच्या वाट्याचं काम सांगते. आपल्या संहितेत हे यायला हवं होतं असं माझं मत आहे. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा मूलभूत हक्क मानला, त्यालाही ते धरून झालं असतं.

जे सुटलेलं नाही

पहिला प्रश्न ठेकेदाराचा. कायदा इथे कामगाराच्या बाजूचा आहे. १९४८ च्या अधिनियमात कामगाराची व्याख्याच अशी होती की ठेकेदारामार्फत आलेला, अगदी मुख्य मालकाला पत्ता नसताना आलेलाही, कारखान्याचाच कामगार. व्यवहारात अपघातानंतर पहिला वाद हजेरीचा निघतो. तो त्या दिवशी कामावर होता का, कुणाच्या हजेरीपटावर होता, विमा योजनेत त्याचं नाव कधी गेलं? टाकी साफ करायला बाहेरची मुलं बोलावतात, ती दोन दिवसांसाठी येतात. बंद टाकीत नायट्रोजन भरलेला असेल तर त्याला वास नसतो, रंग नसतो. आत उतरलेला दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. जगभरच्या अशा अपघातांत वाचवायला गेलेल्यांचे बळी मोठ्या संख्येने असतात. आत उतरण्याआधी प्राणवायू मोजायचा, लेखी परवाना घ्यायचा आणि बाहेर दोर धरून माणूस उभा ठेवायचा, एवढे नियम पाळले तर हे मृत्यू टळतात. दोन दिवसांच्या मुलाला ते कुणी शिकवायचे, ठेकेदाराने की कंपनीने? कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. गेटच्या आत ते अजून पोहोचलेलं नाही.

दुसरा प्रश्न सीमेचा, आणि तो खास तलासरीचा आहे. सरीगामला अपघात झाला तर गुन्हा वलसाड जिल्ह्यात, तपास गुजरात पोलिसांचा, खटला तिथल्या निरीक्षकाचा आणि कागद गुजरातीत. घरचे लोक महाराष्ट्रातले आदिवासी, बोली वारली किंवा डवरी. भरपाईच्या दाव्यात कायद्याने एक सवलत दिलेली आहे: १९२३ च्या कायद्यात १९९५ च्या दुरुस्तीनंतर दावेदार जिथे राहतो तिथल्या आयुक्तांपुढेही अर्ज करता येऊ लागला. ही गोष्ट या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. फौजदारी खटल्याला अशी सवलत नाही. रोज सीमा ओलांडून ये-जा करणाऱ्याला स्थलांतरित कामगारांच्या तरतुदींचा लाभ द्यायचा की नाही, हेही स्पष्ट व्हायला हवं.

याच सीमेपलीकडे आणखी एक कामाची जागा आहे. डहाणू-तलासरीचे शेकडो तरुण खलाशी म्हणून पोरबंदर, ओखा, वेरावळच्या बोटींवर जातात. बोट भरकटली किंवा हद्द ओलांडली की पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. तिथे दिशादर्शक यंत्रणा, जीवरक्षक जाकीट, विमा यांची जबाबदारी बोटमालकाची. कारखान्याच्या संचालकावर आहे तेवढी नेमकी बांधिलकी त्याच्यावर नाही.

तिसरा प्रश्न लहान जागांचा. जून २०२१ मध्ये डहाणू तालुक्यातल्या फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार जखमी झाले. धोका कामगारांच्या संख्येवर ठरत नाही. धोकादायक कामात एक कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे, पण त्यासाठी अधिसूचना काढावी लागते. वीसच्या आतली पण ज्वालाग्राही किंवा विषारी माल हाताळणारी ठिकाणं या मार्गाने आत घेतली नाहीत तर भोगवटादार संचालकाची सगळी चर्चा त्यांच्यापुरती निरर्थक ठरेल.

चौथा प्रश्न सावकाश होणाऱ्या मृत्यूंचा. दगडखाणीची आणि क्रशरची धूळ, द्रावकांची वाफ, रबराच्या कामातला अमोनिया. फुप्फुसं निकामी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तोवर माणसाने पाच-सहा ठिकाणी काम केलेलं असतं. कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक रोगांची यादी आहे, निदान करणाऱ्या डॉक्टरने कळवायचं असतं. सरकारी दवाखान्यात मात्र सिलिकोसिसवर क्षयाचे उपचार होत राहतात. अशा आजारासाठी कोणत्या संचालकाला, कोणत्या वर्षासाठी जबाबदार धरायचं याचं उत्तर आपल्या कायद्यात नाही, आणि इतर देशांतही ते अर्धवटच आहे.

पाचवा, थोडा वकिली प्रश्न: कामगार कायद्याखाली खटला चालू असताना त्याच घटनेसाठी दंडसंहितेखालीही चालवावा का? विशेष कायदा आहे म्हणून काही उच्च न्यायालयांनी दंडसंहितेचा खटला रद्द केला आहे, काहींनी दोन्ही चालू दिले आहेत. नव्या संहितेत दोन वर्षं आणि न्याय संहितेत पाच, अशी तफावत असल्याने हा वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड आहे.

या सगळ्यांचा निकाल लागायला वेळ लागेल. कामावर जाणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना दोन गोष्टी आजच करता येतील. नियुक्तिपत्र आता कायद्याने मिळायलाच हवं, ठेकेदारामार्फत लागलेल्यालाही. ते मागून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. आणि ज्या कंपनीत जाता तिच्या भोगवटादार संचालकाचं नाव विचारून लिहून ठेवा. ग्रामपंचायती, कामगार संघटना आणि इथल्या आश्रमशाळांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांनी गावागावांत ही यादी करायला घेतली, तर हजेरीचा वाद निघेल तेव्हा दाखवायला कागद असेल.